तिसऱ्या रकान्यातलं ‘नाही’

नागपूर,
८ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. हे पत्र वंदनाताई नरखेडच्या गाडीतून आणून तुझ्या हातात देतील. बसस्टँडवर त्यांना गाठलं तेव्हा म्हणाल्या, “मी कंडक्टर आहे, पोस्टमन नाही. पण प्रेमिलाबाईसाठी होईन.” फोनवर तुला नुसती खरखर ऐकू येते आणि पायाच्या प्लास्टरमुळे तुला येता येत नाही, म्हणून लिहिते. पत्रात आधी तब्येत, मग कारण, मग बाकीचं, असं तूच शिकवलं होतंस.

तब्येत बरी नाही. बाबांना अतिदक्षता विभागात ठेवून आज सातवा दिवस. न्यूमोनिया झाला, मग उजव्या फुप्फुसाबाहेर पू साचला. तो काढायला बरगड्यांमधून एक नळी घातली आहे. श्वास मशीन देतं. त्याची नळी तोंडातून घशात गेली आहे, त्यामुळे बाबांना बोलता येत नाही. सकाळी झोपेचं औषध कमी करतात तेव्हा ते डोळे उघडतात आणि मान हलवून हो-नाही सांगतात. मला ओळखतात. डॉक्टर रोज एकच वाक्य म्हणतात, “स्थिती गंभीर आहे, पण स्थिर आहे.” मी ते वाक्य घेऊन दिवसभर बाकड्यावर बसते. त्यातला कुठला शब्द खरा मानायचा ते कळत नाही.

मी एक वही केली आहे. तीन रकाने आखले: ताप, लघवी, दुखणे. पहिले दोन आकडे मला गौरांग ब्रदर सांगतात. ते बाबांचे नर्स, उमरेडकडचे, वयाने माझ्याएवढेच असतील. दुखण्याचं ते आधी एकटेच विचारायचे आणि त्यांच्या कागदावर लिहायचे. मला ते बरं वाटेना. खरंच विचारलं का, नीट विचारलं का, मला कसं कळणार? म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी विनंती केली, अकरा वाजता मला आत सोडतात तेव्हा माझ्यासमोरच विचारा. ते म्हणाले, “मॅडम, माझी परीक्षा घेऊन राहिल्या का?” पण ऐकलं त्यांनी. आता रोज अकराला ते वाकून विचारतात, “काका, दुखतं का?” बाबा माझ्याकडे बघतात आणि मान नाही अशी हलवतात. सहा दिवस, सहा वेळा ‘नाही’. आत्या, त्या सगळ्या वहीत धीर देणारा तेवढाच एक रकाना आहे.

आता कारण. आज एक नवीन डॉक्टर भेटल्या. डॉ. सुरुची. पॅलिएटिव्ह विभागातल्या. बाहेर बसलेले श्रीधरकाका लगेच म्हणाले, “झालं. हात वर केले त्यांनी. हे डॉक्टर शेवटीच येतात.” बाईंनी ते ऐकलं असणार. त्या माझ्याशेजारी बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “काहीही बंद करायला आले नाही. मशीन, प्रतिजैविकं, सगळं चालू राहील. त्याच्या जोडीनं त्यांचा त्रास कमी करायचा, एवढं माझं काम. ते पहिल्या आठवड्यातच करायचं असतं, शेवटी नाही.” त्यांना बाबांना मॉर्फिन द्यायचं आहे, थोडं-थोडं. काका म्हणतात, मॉर्फिन दिलं की माणूस झोपतो तो उठत नाही.

मी डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी सगळी पानं वाचली. “वही छान ठेवली आहे,” म्हणाल्या, “पण नाडी वेगळं सांगते आहे. आणि कपाळावरची आठी.” मी सांगितलं, आमच्या बाबांना दुखत नाही. खाप्याच्या दुकानात पंपाची मोटार दुरुस्त करताना त्यांचं बोट पट्ट्यात आलं होतं. नख गेलं, पेर चेंगरलं, तरी ते हसत होते. हसतच मला सायकलवर शाळेत सोडलं. मी सात वर्षांची होते. तो हसरा चेहरा मला अजून आठवतो. मॉर्फिनला मी नाही म्हणून सांगितलं आहे. उद्या पुन्हा विचारतील.

तू त्यांची मोठी बहीण. तू सांग. बाबांना दुखणं कमीच जाणवतं ना? माझं चुकत नाही ना?

तुझी भेदरलेली,
वैदेही

*

ता. नरखेड,
९ जानेवारी

वैदू पोरी,

तुले शिकवलं ते पुस्तकातलं. मी आपली बोलते तशी लिहिते, चुका काढू नको.

तुझं पत्र वंदनानं आंगणात आणून दिलं. गाडी फाट्यावर उभी, मागून लोक हॉर्न वाजवा म्हणून ओरडून राहिले, अन् ही म्हणते आधी वाचा, मंग जाते. मी वाचलं. दोनदा वाचलं.

हो, वामन टणक आहे. लहानपणी बाभळीचा काटा टाचेत गेला तरी कोणाले सांगे नाही. त्याचं कातडंच जाड. तू घाबरू नको. वेळेवर जेव. मोसंब्या पाठवल्या आहेत, त्याले नाही चालणार तं तू खा, त्या ब्रदरले दे.

माझ्या पायाचं सोड. अजून दोन हप्ते प्लास्टर.

डॉक्टर जे म्हणतात ते ऐकून घे. ऐकून घ्याले काय जाते.

आत्या

*

नागपूर,
११ जानेवारी

आत्या,

काल दुपारी बाबांनी छातीतली नळी उपटली.

मी क्रमाने सांगते, नाहीतर मला लिहिता येणार नाही. परवा संध्याकाळी तुझं पत्र आलं. काल सकाळी डॉ. सुरुची पुन्हा आल्या. मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं: ‘त्याचं कातडंच जाड.’ म्हटलं, हे त्यांच्या सख्ख्या बहिणीनं लिहिलं आहे. मॉर्फिन नको. त्या म्हणाल्या, “ठीक आहे. मी रोज येऊन विचारीन, चालेल?” अजिबात रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

अकराला मी आत गेले. गौरांग ब्रदरनी विचारलं, “काका, दुखतं का?” बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नाही. मी लिहिलं. साडेअकराला मला बाहेर काढलं. बाराला आतून पळापळ ऐकू आली. ब्रदर शेजारच्या रुग्णाकडे वळले होते. तेवढ्यात बाबांनी हात घालून नळी ओढली. टाके तुटले. अंथरुणावर रक्त आणि पू. मला काचेतून फक्त ब्रदरची पाठ दिसत होती आणि बाबांची पावलं. पावलं अशी ताणली होती, आत्या, जशी आपण थंड पाण्यात टाकताना ताणतो.

पुन्हा नळी घातली. आता दोन्ही मनगटं मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधली आहेत आणि झोपेचं औषध वाढवलं आहे. बाबांचे हात बांधलेले मी कधी बघितले नव्हते. तुला माहीत आहे ते हात. दुकानात कामाशिवाय असले तर तारेच्या तुकड्याचं काहीतरी वळत असायचे.

श्रीधरकाका म्हणतात, डोकं भ्रमिष्ट झालं, असं होतं मशीनवर. मलाही तेच खरं मानायचं आहे. पण अर्ध्या तासापूर्वी त्यांनी मला ओळखून नीट मान हलवली होती. भ्रमिष्ट माणूस असं करेल का? डॉ. सुरुची म्हणाल्या, “झोपेच्या औषधानं माणूस झोपतो. दुखणं झोपत नाही.” मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. “उत्तर देताना ते ब्रदरकडे बघतात, की तुमच्याकडे?”

मी म्हटलं, माझ्याकडे.

मी तेव्हापासून वही उघडून बसले आहे. आठ वेळा ‘नाही’ लिहिलं आहे. माझंच अक्षर आहे, तू वळवून घेतलेलं, आणि मला त्याची भीती वाटते आहे. मी कुठेतरी फार मोठी चूक करते आहे आणि ती मला सापडत नाही. तुला दिसत असेल तर लिही. राग येईल असं असलं तरी लिही.

वैदेही

*

ता. नरखेड,
१२ जानेवारी

वैदू,

चूक तुझी नाही. माझी आहे. मी तुले खोटं लिहिलं.

हे अक्षर वाचता नाही आलं तं वंदनाकडून वाचून घे. नाही, नको. तूच वाच.

बोट चेंगरलं त्या दिवशी वामन हसत नव्हता वं. त्यानं तुले शाळेच्या फाटकात सोडलं, तू वर्गात गेली तोवर हात हलवला, अन् तसाच सायकल ढकलत माह्या घरी आला. तेव्हा मी खाप्यालेच राहत होती, तुमच्या मागच्या गल्लीत. बोटाले गुंडाळलेला फडका सगळा लाल. परसात तुळशीच्या मागं बसला अन् असा रडला, असा रडला, की शेजारच्या रंभाबाई कोण गेलं म्हणून पाह्याले आल्या. पस्तिशीचा माणूस. माह्या पदराचा बोळा तोंडात धरून रडला. मंग दवाखान्यात नेलं.

मी म्हटलं, अरे, पोरीसमोर हसत काहून होता? तो म्हणाला, “ताई, ती मोजते. तिची माय आजारी पडली तेव्हापासून ती सगळं मोजते. मायच्या गोळ्या मोजायची, मायचा श्वास मोजायची. सहा वर्षांची पोरगी रात्रभर श्वास मोजत बसे. माझं दुखणं तिनं मोजू नये.” अन् माह्याकडून शपथ घेतली. देवासमोर हात ठेवून. वैदूले कधी सांगशील नाही म्हणून.

तेव्हापासून हे असंच चालू आहे. दाढ दुखली, माह्याकडं आला. मागच्या साली पाठीत उसण भरली, दुकानाले कुलूप लावलं, तुले सांगितलं नरखेडले मोटार बसवाले चाललो. चार दिवस माह्या बाजेवर कण्हत पडला होता. मोटार बिटार काही नव्हती.

त्याचं कातडं जाड नाही. तुझ्यासमोर जाड आहे.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मले समजलं होतं. तू समोर उभी, हातात वही, अन् ब्रदर विचारतो दुखते का. तो मेला तरी हो म्हणणार नाही. पण शपथेच्या मागं लपली मी. अन् खरं सांगू? त्या औषधाच्या नावाची मलेही भीती वाटली. वाटलं, नाही म्हटलं तं नाही दुखणार. म्हातारी झाली पण अक्कल नाही आली.

आता ऐक. तू बाहेर जा. पार बाहेर, काचेतूनही दिसू नको. त्याले दिसलं पाहिजे की तू गेली. मंग त्या ब्रदरले विचारू दे. त्या डॉक्टर बाईले हे पत्र दाखव.

शपथ मोडली, त्याचं मी पाहून घेईन.

आत्या

*

नागपूर,
१३ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र काल संध्याकाळी स्टँडवरच उघडलं, तिथेच खाली बसले. वंदनाताई मला चहा पाजून मग ड्युटी संपवून गेल्या.

आज सकाळी मी पत्र डॉ. सुरुचींना दिलं. त्यांनी ते गौरांग ब्रदरनाही वाचायला दिलं. “मॅडम, पहिल्या दिवशी मी एकट्यानं विचारलं होतं ना, तेव्हा काकांनी मान होकारार्थी हलवली होती,” ते म्हणाले. “मी कागदावर लिहिलं होतं. मग तुम्ही आल्या अन् रोज नाही. मले वाटलं, कमी झालं असन.”

आठ दिवस. मी त्या आठ दिवसांचं काय करू ते मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाल्या, “त्याचा विचार करायला नंतर मी तुमच्याबरोबर बसेन. आता अकरा वाजत आले.”

झोपेचं औषध सकाळी कमी केलं होतं. मी आत गेले. बाबांनी डोळे उघडले. मी म्हटलं, “बाबा, मी घरी जाते. आंघोळ करून येते. संध्याकाळी येईन.” खोटं बोलताना माझा आवाज चिरकला. त्यांनी डोळे मिटून बरं म्हटलं. मी बाहेर आले आणि थेट जिन्यापर्यंत गेले. लिफ्टच्या मागे भिंतीला पाठ लावून उभी राहिले. मला वाटत होतं, हो म्हणाले तर मी मेले, आणि नाही म्हणाले तर मग ते का नळी उपटतात?

ब्रदर दहा मिनिटांनी आले. त्यांनी सांगितलं ते तसंच लिहिते.

आधी त्यांनी एका हाताची पट्टी सोडली. म्हणाले, “काका, मॅडम गेल्या.” बाबांनी दाराकडे बघितलं. बघतच राहिले. मग ब्रदर बाजूला झाले, दार पूर्ण दिसेल असे. कोणी नाही बघून बाबा परत वळले. ब्रदरनी विचारलं, “दुखतं का?” बाबांनी मान हलवली. हो. “किती, बोटांनी सांगा. काहीच नसेल तर मूठ, फार असेल तर पाची बोटं.” बाबांनी हात उचलला आणि पाची बोटं पसरली. ते चेंगरलेलं बोट नीट सरळ होत नाही ना, तर दुसऱ्या बांधलेल्या हाताकडे बघून तो सोडा अशी खूण केली. ब्रदरनी तोही सोडला. बाबांनी दोन्ही हात वर केले, सगळी बोटं पसरून.

आत्या, मी जिन्यावर ओरडले. लोक बघायला लागले.

मॉर्फिन सुरू झालं आहे. मी सही करताना अक्षर इतकं वाईट आलं की तू पाटी पुसायला लावली असतीस. भीती गेलेली नाही. मी काचेपाशी उभं राहून त्या पडद्यावरचा नाडीचा आकडा बघत होते, थांबेल की काय म्हणून. एकशे अठ्ठावीस होता. तासाभरात शहाण्णव झाला. तिथेच राहिला. श्वास मशीन देतंच आहे. बाबा झोपले. हात सुटे, आणि नळीला लागले नाहीत.

आणखी एक. ब्रदरनी त्यांना विचारलं होतं, अजून काय त्रास होतो? बाबांनी पलंगाखाली बोट दाखवलं. कुणाला कळेना. मग त्यांच्या हाताखाली पॅड धरलं, तर त्यांनी वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, ‘बेरिंग गेली’. खाली हवेच्या गादीचा छोटा पंप असतो, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. तो घरघरतो. मोटारी दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला बारा दिवस खराब बेरिंगच्या आवाजावर झोपवलं होतं. ब्रदरनी पंप बदलून आणला. डॉ. सुरुची हसल्या, म्हणाल्या, “हेही औषधच.” मी हसले आणि मग मला रडू आवरेना.

तो पॅडचा कागद मी मागून घेतला आहे.

वैदेही

*

ता. नरखेड,
१४ जानेवारी

वैदू,

बेरिंग वाचून मी एवढी हसली की ऋषिकेश धावत आला, म्हणे मामी, वेडी झाली का? हा शेजारचा पोरगा मले मामीच म्हणते.

तिळाचे लाडू पाठवले आहेत. ब्रदरले, त्या बाईले, वंदनाले. श्रीधरले पण एक दे, त्याचं तोंड तेवढा वेळ बंद राहील.

आता हे विचारते ते नीट लिही. पुढं काय म्हणतात? वाचेल का? खरं लिही. मी खोटं लिहिलं म्हणून तू बदला घेऊ नको.

मी येऊन राहिली. प्लास्टरसकट. वंदना म्हणते, पाय आडवा ठेवाले तिच्या मागची सीट देते. परवाच्या सकाळच्या गाडीनं.

अन् वामनले सांग, मी शपथ मोडली. मी यायच्या आधी सांग. माह्या तोंडानं सांगायची मले हिंमत नाही.

आत्या

*

नागपूर,
१५ जानेवारी

आत्या,

खरं लिहिते.

काल दुपारी सगळे बसलो: अतिदक्षता विभागाचे मोठे डॉक्टर, डॉ. सुरुची, श्रीधरकाका आणि मी. पू कमी होतो आहे, पण फुप्फुस अजून स्वतःहून चालायला तयार नाही. मूत्रपिंडं थोडी सुधारली आहेत. वाचतील का, तर डॉक्टर म्हणाले, “अर्धी शक्यता म्हणेन, आणि तीही सावधपणे.” पुढचे सहा दिवस सगळे उपचार पूर्ण जोरानं. त्यात मशीन कमी करता आलं तर चांगलं. नाही आलं तर पुन्हा असंच सगळ्यांनी बसायचं आणि घशाला छिद्र पाडून मशीन पुढे चालवायचं की नाही ते ठरवायचं. ते बाबांनाच विचारायचं. काका म्हणाले, “त्याले काहून विचारता? घाबरंल तो.” डॉ. सुरुची म्हणाल्या, “ते घाबरलेलेच आहेत. एकटे घाबरले आहेत.” काकांना लाडू द्यायची गरज पडली नाही.

आज अकरा वाजता मी आत गेले. वही पिशवीतच ठेवली. त्यांचे डोळे आज स्वच्छ होते. मी स्टूल ओढून जवळ बसले आणि म्हटलं, “बाबा, आत्यानं शपथ मोडली.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग छताकडे. नाडीचा आकडा शंभरच्या वर गेला. मला वाटलं, संपलं, मी त्यांचं शेवटचं काहीतरी काढून घेतलं. मी बोलत राहिले. म्हटलं, “तुळशीमागचं मला माहीत आहे. नरखेडला मोटार नव्हती हे पण माहीत आहे. मी आता सहा वर्षांची नाही. मोजते अजून, ते जात नाही. पण तुम्ही खरं सांगितलं नाही तर मी खोटंच मोजत बसते.”

मी ब्रदरकडे बघितलं. ते मुद्दाम पाठ करून औषधाची पिशवी लावत होते.

मग मी विचारलं. मीच विचारलं, मोठ्यानं, कारण मला माझा आवाज ऐकू येत नव्हता. “बाबा, दुखतं का?”

त्यांचे डोळे भरले आणि कानाकडे ओघळ गेला. मला पुसायचं होतं, पण मी हात हलवला नाही. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

हो.

मग हात उचलून तीन बोटं दाखवली. मग एक बोट मिटलं, नख नसलेलं, आणि माझ्याकडे बघितलं. जणू भाव कमी करत होते. मी म्हटलं, “तीन म्हणजे तीन, बाबा.” ते बोट पुन्हा वर आलं.

“ब्रदर,” मी हाक मारली, “बाबांना दुखतं आहे.” ब्रदरनी येऊन औषध किंचित वाढवलं. डोळा लागेपर्यंत बाबांनी माझा अंगठा धरून ठेवला होता, पकडीत तार धरतात तसा. घट्ट. मला दुखलं. मी ते त्यांना सांगितलं आणि त्यांनी पकड थोडी सैल केली.

उद्या तू येशील तेव्हा मी स्टँडवर चाकाची खुर्ची घेऊन उभी असेन. वॉर्डात जोरात बोलू नकोस. ऐकू तुला येत नाही, बाबांना येतं. आणि त्यांना विचारायचं असेल तर माझ्यासमोर विचार.

वैदेही